मागच्या चाकांचा पाळणा

२ फेब्रुवारी
भाऊजी म्हणाले, वहिनी, आधी कागदावर काढा, मग लोखंड कापा. मला चित्र येत नाही. चौथीत शाळा सुटली तेव्हा आमच्या बाई अजून फुलांवरच होत्या. म्हणून लिहिते. काढलं काय आणि लिहिलं काय, कागद तोच.

तर काम असं. पोरीसाठी गाडी करायची. चार चाकं, एक सीट, मागे इंजिन, वर काही नाही. खडीच्या खाणीत मार्चच्या दुसऱ्या रविवारी असल्या घरी केलेल्या गाड्या पळवतात. गेल्या वर्षी पोरगी भाऊजींच्या गाडीत बसली. मागे स्प्रिंग नाही की रबर नाही. आली ती कमरेत वाकूनच आली आणि पंधरा दिवस पालथी झोपली. भाऊजी म्हणजे माझा दीर, वर्कशॉपात फिटर आहेत, त्यांचं म्हणणं, रेसमध्ये एवढं चालायचंच. मी म्हटलं, मग तुम्ही झोपा पालथे. सगळ्यांसमोर म्हटलं. त्याच भरात असंही म्हटलं की पुढच्या वर्षीची गाडी मी करणार, मागे शॉकअप लावून, लोण्यासारखी.

बोलून बसले. आता करणं आलं.

४ फेब्रुवारी
इंजिन ठरलं. लाइट गेली की आपली गिरणी ज्याच्यावर चालते तेच. एरवी ते कोपऱ्यात बसून तेल गाळतं. ह्यांनी विचारलं, आणि लाइट गेली तर? म्हटलं, नाही जायची.

चक्रांचं मला कुणी शिकवू नये. बावीस वर्षं धान्य दळतेय. मोटरला लहान पुली, दगडाला मोठी, म्हणजे दगड सावकाश फिरतो पण अडत नाही. इथं पट्ट्याच्या जागी साखळी, पुलीच्या जागी दात्यांचं चक्र, दगडाच्या जागी मागचा आस. इंजिनाला बशीएवढं चक्र, आसाला परातीएवढं. खाणीचा चढ हसत चढेल. झालं डिझाइन. याला लोक कॉलेजात चार वर्षं घालवतात.

९ फेब्रुवारी
मागचा भाग. दोन पाइप. एका टोकाला आस आणि चाकं, दुसऱ्या टोकाला बिजागरी, मधे दोन शॉकअप. खड्डा आला की चाकं वर-खाली होणार, सीट जागच्या जागी. मी त्याला पाळणा म्हणते. शॉकअप भंगारातल्या स्कूटरचे. एकातून तेल गळतं, दुसऱ्यातून नाही. सरासरीने ठीक.

भाऊजी दळणाचं निमित्त काढून आले. बिजागरी कुठे घेताय? म्हटलं, सीटखाली, जागा तिथेच आहे. ते म्हणाले, इंजिनाच्या चक्राजवळ घ्या, नाहीतर माणूस बसला, चाक वर गेलं की साखळी ताणणार. म्हटलं, बावीस वर्षांत माझा पट्टा असा आपोआप ताणलेला पाहिलात? एकदा बसवला की बसवला. ते म्हणाले, वहिनी, गिरणीचा दगड उड्या मारत नाही.

मी त्यांचं पीठ भरलं आणि पिशवी हातात दिली.

१५ फेब्रुवारी
वेल्डिंग झालं. बिजागरी सीटखालीच. वेल्डिंगवाल्याने उगाच विचारलं, ताई, यात बसणार कोण? म्हटलं, माझी मुलगी. त्याने काच परत डोळ्यांवर ओढली आणि जिथे झालं होतं तिथेच आणखी एकदा मारलं. मी सांगितलं नव्हतं.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
आज चालवली. मागून उचलून दोन स्टुलांवर ठेवली, चाकं अधांतरी, आणि इंजिनाची दोरी ओढली. काय फिरली. लोणी. बंद करून साखळी अंगठ्याने दाबली. बोटभर दबली. गिरणीचा नियम हाच, बोटभर दबला तो पट्टा बरोबर.

हे येऊन उभे राहिले. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, इंजिन दिसलं की तोंड थांबत नाही. आज नुसतं ऐकलं आणि आत गेले. कौतुक करायला जड जातं माणसांना.

२१ फेब्रुवारी
सीटच्या पाठीमागे पत्रा लागलाय. गिरणीची जुनी पाटी, जाड, चार बोल्टवर. एका बाजूला साखळी, दुसऱ्या बाजूला पोरीची पाठ, मधे पत्रा. ह्यांचं काम. मी काढून ठेवला. खडखडतो, आणि वजन वाढतं.

२३ फेब्रुवारी
पत्रा परत. काढला.

मांजर गाडीखाली झोपायची, ती हल्ली गोण्यांवर झोपते. साखळीला ग्रीस लावल्यापासून. ग्रीसचा वास मांजरांना चालत नसावा.

२७ फेब्रुवारी
पोरगी पहिल्यांदा बसली. स्टुलं काढली, गाडी जमिनीवर, अंगणात दोन फेऱ्या. प्रत्येक फेरीत मागून आवाज. टक्. थोडं जाऊन परत टक्. पोरीने विचारलं, काय गं ते? म्हटलं, खडा.

अंगणात फरशी आहे, खडा नाही. पण गिरणीत टक् म्हणजे पट्टा ढिला, हे मला माहीत आहे. ती उतरल्यावर गाडी परत स्टुलांवर घेतली, चार बोल्ट सैल केले, इंजिन पुढे सरकवलं आणि साखळी आणखी ताणली. आता अर्धं बोट. पक्कं काम.

२ मार्च
पोरगी बसली. टक् गेला.

त्याच्याऐवजी बारीक कण्हल्यासारखं येतं. नवीन लोखंड पहिले काही दिवस कण्हतं. असं मी कुठेतरी ऐकलंय. कुठे ते आठवत नाही.

ऐकू येऊ नये म्हणून गिरणी चालू ठेवली.

५ मार्च
भाऊजी दारातूनच म्हणाले, वहिनी, एकच करा. कुणालातरी बसवा, आणि तो बसलेला असताना साखळी दाबून बघा. एवढंच. म्हटलं, बघितलीय. स्टुलांवर बघितलीय, आणि बघितलीय म्हणजे बघितलीय. पोरगी बसते तेव्हा मी पुढे उभी राहून हातवारे करत असते, मागे जाऊन कोण वाकणार?

पत्रा परत लागला होता. ह्यांना म्हटलं, माझ्या कामावर विश्वास नाही का? म्हणाले, तुझ्यावर आहे. आणि पेपर वाचत बसले. पेपर कालचा होता.

मी पत्रा काढून माळ्यावर टाकला. शिडी लपवली.

८ मार्च
पोरगी मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, मी भाकऱ्या करत होते म्हणून ऐकू आलं. ती म्हणत होती, छे गं, भीती कसली, आईने केलीय, मी डोळे मिटून बसेन.

मग मला जेवण गेलं नाही. ऊन वाढलंय.

९ मार्च
खाणीत जाऊन रस्ता पाहून आले. चढ म्हणजे काहीच नाही. चढ संपला की उतार आणि त्यात डावं वळण. वळणाला कठडा नाही, चुना फासलेले दगड मांडलेत. पलीकडे वाकून पाहिलं. तळाला पाणी साचलंय, हिरवं. तिथल्या रखवालदाराला विचारलं, खोल आहे का? तो म्हणाला, मावशी, मोजायला कोण गेलंय.

भाऊजींची गाडी गेल्या वर्षी तिथे व्यवस्थित वळली. ती तर भिकार होती. माझी वळेलच.

घरी आल्यावर पाळण्याचे सगळे बोल्ट आवळले. आवळलेलेच होते. परत आवळले.

१२ मार्च, रविवार, सकाळ
सगळं तयार. गाडी टेम्पोत चढवायला गेलो तर पत्रा जागेवर. शिडी कुठून मिळाली कोण जाणे. काढायला पाना शोधला, पानाच नाही. ह्यांना विचारलं, पाना कुठंय? म्हणाले, बघतो, आणि अंघोळीला गेले. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. राहू दे म्हटलं. एक दिवस खडखडला तर खडखडू दे.

१२ मार्च, दुपार
जे झालं ते नीट लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी वेडंवाकडं सांगायला नको.

पोरगी हेल्मेट घालून बसली. नंबर पुकारला. दोरी ओढायला मी मागे गेले. भाऊजी थोडे लांब उभे. ते माझ्याकडे बघत नव्हते, साखळीकडे बघत होते. दोरी धरायच्या आधी माझा अंगठा साखळीवर गेला. सवय आहे, दुसरं काही नाही. बावीस वर्षं पट्टा दाबल्याशिवाय मी मोटर लावलेली नाही.

दबली नाही. बोटभर नाही, केसभर नाही. सळई दाबावी तशी.

मी पोरीला म्हटलं, उतर. ती म्हणाली, का? म्हटलं, सीटचा कोन चुकलाय. ती म्हणाली, आई, नंबर लागलाय, सगळे थांबलेत. म्हटलं, उतर म्हटलं ना. दंड धरून उतरवली. तिच्या दंडावर बोटं उठली, तेवढं चालायचंच.

मग सगळे बघत होते. भाऊजी बघत होते. गाडी न पळवताच घरी नेणं बरं दिसलं नसतं. मी बसले. माझं वजन पोरीपेक्षा थोडं जास्त. थोडं. हे पहिल्यांदाच ओरडले, बसू नकोस. मी भाऊजींना म्हटलं, ओढा दोरी. त्यांनी ओढली नाही. रखवालदाराने ओढली.

सुरुवातीच्या रेषेपासून पाण्याच्या टाकीपर्यंत गाडी उत्तम चालली. शंभर पावलं असतील. मग मागे बंदुकीसारखा आवाज झाला, पाठीत कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटलं, आणि गाडी खडीच्या ढिगात जाऊन थांबली. चढसुद्धा लागला नव्हता. झेंडेवाला पळत आला, म्हणाला, मावशी, बाजूला घ्या, बाकीच्यांना जायचंय.

हे आले ते माझ्याकडे आलेच नाहीत. सीटमागे वाकले. साखळी तुटून तिचं टोक पत्र्यात घुसलं होतं. पाटीवरची अक्षरं मधोमध फाटलेली. हे पत्र्याला हात लावून बसून राहिले. पोरगी आली, तिने पाहिलं, मग सीट पाहिली, मग मला पाहिलं. घरी येईपर्यंत माझा हात धरून बसली होती. गर्दीमुळे असेल.

साखळी निकृष्ट होती. दुकानदाराला सांगणार आहे.

१६ मार्च
सकाळपासून लाइट नाही. गिरणीपुढे पिशव्यांची रांग आणि प्रत्येकीची कटकट. इंजिन गाडीवरून काढून परत जागेवर बसवलं. भाऊजी आणि ह्यांनी उचललं. भाऊजी बिजागरीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. माणूस मनातून जळला की गप्प होतो.

गाडीची नुसती सीट आणि पाळणा उरलाय. दळणाला आलेल्या बायका त्यावर बसतात. पोरगी म्हणाली, नवी साखळी कधी आणायची? म्हटलं, बघू. म्हणाली, काका म्हणतात बिजागरी फक्त चक्राजवळ घ्यायची. म्हटलं, बघू म्हटलं ना.

पट्टा चढवला. अंगठ्याने दाबला, बोटभर. मग पोरीला पट्ट्यासमोरून उठवून दाराशी बसवलं आणि परत दाबला.

तो फाटलेला पत्रा पट्ट्यापुढे लावून घेतला. ह्यांनी विचारलं, बावीस वर्षं उघडा होता, आजच का? म्हटलं, पीठ उडतं.

ह्यांनी खिशातून पाना काढून दिला.