शिवणाच्या बाईंचा संगणक

३ एप्रिल
मुख्याध्यापिका मॅडमनी परिपत्रक पुढे सरकवलं. जूनपासून संगणक शिकवायचा तर पात्रता परीक्षा पास हवी. जुन्यांना माफी, पण संगणक शिकवल्याचा अनुभव कागदावर पाहिजे. म्हटलं, त्यात काय, बावीस वर्षं तेच तर करतेय. हसतच घरी आले. या वयात परीक्षा! काहीतरीच.

५ एप्रिल
हसू जिरलं. क्लार्क जाधवांनी माझं सेवापुस्तक उघडलं. पहिल्या पानापासून एकच विषय: शिवण. लागले तेव्हा शिवणालाच लागले होते, खरंय. पण वर्गात सुई शेवटची कधी धरली, आठवत नाही. "बाई, कागदावर तुम्ही कॉम्प्युटरला हातच नाय लावलेला," जाधव म्हणाले. यांच्या दोन्ही मुलींना माऊस धरायला मी शिकवलं. फार लागलं.

९ एप्रिल, रवि.
गिरगावात फर्नांडिस सरांकडे. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक. आता ८४, ऐकू कमी येतं. संगणकाचा तास मला त्यांनीच दिला. सेवापुस्तकाचं सांगितलं तर ओशाळले. "सावंतबाई, कॉम्प्युटरचं पदच मंजूर नव्हतं. शिवणाचं होतं. तुम्हाला ठेवायला पायजे होतं ना!"
मग बसलो जुनं काढत. देणगीत आलेला एकच कॉम्प्युटर, वर्गात पन्नास मुली. मी पुठ्ठ्यांवर कीबोर्ड काढून आणले, प्रत्येकीला एक. पन्नास जणी बाकावर पुठ्ठा बडवतायत, पडद्यावर अक्षर नाही, तरी "बाई, माझं नाव झालं!" आता लॅबमध्ये वीस मशीन आहेत आणि मुली जांभया देतात. ते दिवस फार छान होते. सरांनी संगणक शिकवल्याचा दाखला लिहून दिला. तीनदा खाडाखोड.

१२ एप्रिल
दाखला परत. निवृत्त माणसाची सही चालत नाही म्हणे. सरांना कळवलेलं नाही.
मॅडम म्हणाल्या, "लायब्ररी घ्या ना बाई. नोकरी कुठे जातेय तुमची?" नोकरी नाही जात. माझा तास जातोय. आणि मला तो हवाय, एवढं साधं आहे.

१५ एप्रिल
शेवटी परीक्षेचा फॉर्म. मुग्धा भरत होती, मी शेजारी. आईला संगणक येतो हे सिद्ध करायला लेक बसली. रकाना आला: संगणक अध्यापनाचा अनुभव, वर्षे. मी म्हटलं बावीस. पुरावा जोडा, म्हणतंय.
"आई, शून्य टाकू? त्याशिवाय पुढेच जात नाहीये."
टाक म्हटलं. तिने माझ्याकडे न बघता टाकलं.

२ मे
अभ्यास. निम्मं माझंच मला नव्या नावांनी पाठ करायचंय. चिडचिड. डिलाईल रोडच्या नाक्यावर जुनी विद्यार्थिनी भेटली, कडेवर बाळ. "बाई, अजून कॉम्प्युटरच शिकवता?" हो म्हणून टाकलं.

११ मे
परीक्षा झाली. सेंटर अँटॉप हिलला. खोलीबाहेर सवयीने चपला काढल्या. आमच्या लॅबमध्ये धूळ जाऊ नये म्हणून मुली रांगेने बूट काढून यायच्या, आत देवघरात असल्यासारख्या कुजबुजायच्या. इथे खुर्चीत बसले आणि पाहिलं, सगळे बुटांत. दाराबाहेर एकच जोड, माझा. देखरेखीवरची मुलगी म्हणाली, "मॅम, घालून या ना, चालतं इथे."
नको म्हटलं. अख्खा पेपर अनवाणी सोडवला. दोन प्रश्न नक्की चुकलेत. निकाल शाळा उघडायच्या आधी लागेल म्हणाले.