चाड्यातले हरभरे

३ डिसेंबर २०२५, बुधवार

आला एकदाचा! टेम्पोवाला खोका फाटकाशी टाकून पसार झाला. आम्ही नवराबायकोनं, मी आणि राखीनं, तो ओढत मागच्या अंगणात नेला. जोडायला अख्खी संध्याकाळ गेली. चार पाय, झाकण असलेलं काळं पिंप, बाजूला एक टाकी. टाकीत लाकडाच्या भुशाच्या गोळ्या ओतायच्या — बोटाच्या पेराएवढ्या, दाबून केलेल्या. प्लग लावला की आतला स्क्रू फिरतो, गोळ्या थोड्या थोड्या विस्तवात ढकलतो, पंखा वारा घालतो. बटणावर आच ठरवायची आणि खुर्चीत बसायचं. फुंकणं नाही, वाकणं नाही. पेलेट ग्रिल म्हणतात याला. व्हिडिओत एक गोरा माणूस अर्ध्या चड्डीवर उभा राहून कोंबडी भाजतो.

राखी म्हणाली, "आपल्या घरी कोंबडी शिजत नाही. तुमाले माहीत हाय ना?"

माहीत आहे! मी ते बाबांसाठी आणलंय.

बाबा ओट्यावरून बघत होते. जेवायला अर्धी भाकर घेतली, तीही कुस्करून बाजूला सारली.

४ डिसेंबर

कशासाठी आणलं ते इथं तरी लिहितो. राखीला सांगायला गेलो की माझा आवाज चढतो.

आई गणपतीत गेली. तापाचं निमित्त झालं. यवतमाळला दवाखान्यात नेली आणि परत आणली ती तशीच. बाबा रडले नाहीत. मी अग्नी देत होतो तेव्हा बाजूला उभे राहून लाकडं नीट रचली आहेत का तेवढं बघत होते. लोक म्हणाले, मारोतराव मोठ्या काळजाचा माणूस.

तेव्हापासून जेवणच सोडलंय त्यांनी. म्हणजे ताटावर येतात. ताट पुढं सरकवलं की म्हणतात, "थांब. घाई काय हाय." आणि फाटकाकडे बघत बसतात. राखी फारच मागे लागली तर दोन घास. चहा तेवढा चालतो. सदरा अंगावर नुसता लोंबतो. डॉक्टर म्हणतो, दुःख आहे, वय आहे, त्यांचं मन रमवा.

कशात रमवू? या माणसाचं मन रमायचं ते एकाच गोष्टीत — रोडग्यांत! हिवाळा लागला की वावरात गोवऱ्यांचा आर पाडायचा, घडीवर घडी घातलेले कणकेचे गोळे त्यात पुरायचे, आणि राख झटकून तुपात बुडवायचे. बाभुळगावात कुणाकडेही रोडगे असोत, आरावर बाबाच. आणि आमच्या घरची रीत — रोडग्याच्या दिवशी स्वयंपाक गड्यांनी करायचा आणि बायांनी आधी जेवायचं. वर्षभर बाया आपल्याला वाढतात, एक दिवस तरी आपण त्यांना वाढावं, असं बाबांचं म्हणणं. आई पहिल्या पंगतीत बसायची, आणि तिला बाबा वाढायचे. तिचा हात धुऊन झाल्याशिवाय स्वतः घास घ्यायचे नाहीत.

आता गुडघे गेलेत. आरापाशी बसता येत नाही, धुरानं खोकला येतो. म्हणून हे यंत्र. उभ्यानं भाजा, नाहीतर खुर्चीत बसून भाजा, पण भाजा! चार माणसं जमली, जाळापाशी बोलणं झालं, तर पोटात भूक पेटेल. एवढीच माझी आशा.

"घाई काय हाय." कशाची घाई, ते मला कळतं. फाटकाकडे बघत ते कुणाची वाट बघतात तेही कळतं. मी काही दूधखुळा नाही.

७ डिसेंबर, रविवार

पहिला दिवस! भरतासाठी वांगी लावली. बाबांना हाताला धरून मागच्या अंगणात नेलं, खुर्ची दिली. मी गोळ्या ओतायला लागलो तशी त्यांनी टाकीत हात घातला. मूठभर गोळ्या घेतल्या, बोटांतून हळूहळू सोडल्या.

"हे त चाडं हाय," म्हणाले.

खरंच की! तिफणीवरचं चाडं — ज्यातून पेरताना बियाणं खाली उतरतं. तसंच वर रुंद, खाली निमुळतं. मला इतका आनंद झाला! आई गेल्यापासून बाबांनी आपणहून बोललेलं पहिलं वाक्य असेल.

"मंग मूठ धराले कोणी नाही का?" त्यांनी विचारलं.

आमच्याकडे तिफण बाबांची आणि चाड्यावर मूठ आईची. मी मान फिरवली. डोळे भरून आले आणि मला ते त्यांना दाखवायचे नव्हते.

आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखा बंद, स्क्रू बंद. पिंपातून नुसता धूर. वांगी वरून काळी, आत कच्ची. बाबा खोकत उठले आणि ओट्यावर जाऊन बसले. माझ्या नशिबाला आग लागो, ती तरी नीट लागेल.

९ डिसेंबर

चतकोर भाकर. बस्स.

१३ डिसेंबर, शनिवार

जिनिंग कारखान्यावरून घरी आलो, डोक्यात कापसाचे धागे, पोटात कावळे. फाटकातून आत आलो तर फुटाण्यांचा वास! म्हटलं राखीनं भाजले असतील. नाही. यंत्र सुरू, पिंपातून तडतड आवाज, आणि बाबा बाजूला उभे.

टाकीत त्यांनी हरभरा ओतला होता! पेरून उरलेलं घरचं बियाणं. काठोकाठ. प्लग त्यांनीच लावला. काही दाणे विस्तवात जाऊन फुटले, बाकीचे स्क्रूत अडकले. स्क्रू घर्रर करून बंद पडला.

"बाबा, हे काय केलं!"

"चाडं भरून ठेवलं. ओल जाऊन राह्यली वावरातली."

राखीला हसू आवरेना. मलाही आलं, खोटं कशाला बोलू. मग बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. ते हसत नव्हते. आम्ही का हसतोय ते शोधत होते. माझं हसू तिथंच विरलं. त्यांना वाटलं असेल, मुलगा आपली टिंगल करतो. आई असती तर तिनं आधी मला झापलं असतं.

फुटाणे बशीत घालून पुढं ठेवले. "थांब. घाई काय हाय."

१४ डिसेंबर, रविवार

जमीरला बोलावलं. स्टँडजवळ मोटारी दुरुस्त करतो, शाळेपासूनचा दोस्त. तो स्क्रू बाहेर काढून अर्धा तास हसला. "नयन भौ, मैं ट्रॅक्टर में से साप निकाला, पंप में से मेंढक निकाला. पण भट्टीतून चने? पह्यली बार!"

बाबांना म्हणाला, "चाचा, ह्याले कायले बियाणं देता? हे उगवत नाही, नुसतं जळते."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू कोनाचा?"

जमीर लहानपणी आमच्याच घरी जेवून मोठा झाला. निघताना मला म्हणाला, "नाराज हैं चाचा. मैं मय्यत में देर से आया था ना." मी म्हटलं तसं काही नाही रे. पण मलाही तसंच वाटलं. बाबा सगळ्यांवरच रुसलेत, जगावरच रुसलेत.

१८ डिसेंबर

पायजमा कमरेवर ठरत नाही. राखीनं नाडी आवळून बांधली. लहान मुलासारखे हात वर करून उभे होते. मी बाहेर निघून गेलो. बघवत नाही.

१९ डिसेंबर

ऐन डिसेंबरात पाऊस! गोळ्यांचं पोतं बाहेरच राहिलं, सगळ्याचा ओला भुसा झाला. पोतं मीच विसरलो, आणि ओरडलो राखीवर.

२४ डिसेंबर

आज आईवर चिडलो. मेलेल्या माणसावर! जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, काटा सुरू, आणि माझ्या डोक्यात एकच — तू गेलीस आणि याला काही शिकवून गेली नाहीस. एकट्यानं जेवायला तरी शिकवायचं होतंस! रोज वावरातून यायला तुला उशीर, आणि रोज हा माणूस ताट झाकून बसलेला. किती लाडावून ठेवलंस.

मी हरलोय. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझ्या डोळ्यांदेखत माझा बाप उपाशी मरतोय, घरात धान्य भरलेलं असताना. मी मात्र पिंप, पंखा आणि गोळ्या आणून बसलोय. लोक मागून म्हणत असतील, नयनला ऑनलाइनचं याड लागलं. म्हणू देत.

संध्याकाळी मैनाबाई आली. शेजारची. आईच्या जोडीनं आयुष्यभर कापूस वेचलेली. बाबांकडे बघून पदर डोळ्याला लावला, मग माझ्यावरच खेकसली, "अगा, वांगे काय भाजतं त्याच्यावर! रोडगे लाव. अन् तू नोको लावू, त्याच्या हातात कनिक दे."

रविवारी करायचं ठरलं. नव्या गोळ्या मागवल्या. पोतं स्वयंपाकघरात, माझ्या नजरेसमोर.

२८ डिसेंबर, रविवार

लाइट गेली नाही. आधी हेच लिहितो, कारण सगळं काही नीट झालं. म्हणूनच जास्त लागलंय.

राखीनं जाडं पीठ परातीत काढलं, बाबांपुढं ठेवलं. त्यांनी बाह्या वर सारल्या. मोहन घातलं, मुठीत पीठ दाबून पाहिलं, "अजून थोडं" म्हणाले. पोळी लाटायची, तेल लावायचं, घडी, पुन्हा पोळी — हात एकदाही अडखळले नाहीत. मैनाबाईनं मला कोपरानं ढोसलं. मी तर देव पाण्यात ठेवून उभा होतो!

पिंपात रोडगे लावले. झाकण बंद. बाबा खुर्चीत. मधेच उठायचे, झाकण उघडून एकेक उलटवायचे. "आच कुठं हाय ह्याची? दिसत नाही," एकदा म्हणाले. मी बटण दाखवलं. त्यांनी बटणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तळहात वर धरला आणि सांगितलं, "कमी कर." मी केली. रोडगे असे भाजले की मैनाबाईनं कडाकडा बोटं मोडली. जमीर आला होता. सगळ्यांदेखत बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, जिंकलो! खरंच वाटलं.

बायांची पंगत आधी. राखी, मैनाबाई, तिच्या सुना. बाबांनी स्वतः रोडगे फोडले, तूप सोडलं, वांग्याची भाजी वाढली. वाटीतून थेंब सांडला नाही. त्यांची पंगत उठली. आम्ही गडी बसलो. बाबांचं ताट मी वाढलं.

त्यांनी ते उचललं. वर दुसरं ताट झाकलं. नेऊन ओट्यावर ठेवलं आणि शेजारी बसले, फाटकाकडे तोंड करून.

"बाबा, जेवा."

"थांब. घाई काय हाय."

मग माझं डोकं फिरलं. इतक्या लोकांत ओरडलो. "मरायचंच असेल तर सांगा ना एकदाचं! रोज रोज कायले मारून राह्यले आमाले?" बाबा दचकले. हात कपाळाशी नेला, मी मारणार असल्यासारखा. जमीरनं मला धरून मागच्या अंगणात नेलं. मागे पिंप अजून गरम होतं. मी त्याला लाथ घातली. पायाला लागलं.

लोक आपापल्या घरी गेले. ते ताट तसंच झाकलेलं. उद्या हे यंत्र भंगारवाल्याला देऊन टाकतो. आता माझ्याकडे दुसरं काही उरलं नाही.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळी ओट्यावरचं ताट उचलायला गेलो. बाबांनी मनगट धरलं. "राहू दे ना बापू. तुही माय आली नाही अजून वावरातून. आज रोडगे हाय, बाया आधी."

मी त्यांच्या शेजारी ओट्यावर टेकलो. दारात राखी. तिनं तोंडावर हात ठेवला.

मग मी म्हटलं, "बाबा, माय आलती. तुम्ही निजले होते. जेवली अन् गेली परत वावरात."

"जेवली?"

"हो."

"तूप वाढलं तिले?"

"वाढलं."

"मंग आन माह्यं," म्हणाले आणि मांडी घालून बसले. कालचेच रोडगे, थंड. दोन खाल्ले. तिसरा मागितला.