साकुराची माझी तारीख

१५ मार्च, शुक्र. कोल्हापूर

बॅगा भरून झाल्या. माझी १४.२ किलो, सौ.ची ११.८. बापूसोची वजन करायला गेलो तर आत तीन किलो भडंग, खर्ड्याच्या दोन बरण्या आणि इंडक्शनची शेगडी. म्हटलं, हॉटेलात शेगडी चालत नाही. "चालत न्हाय म्हंजे? त्येंच्याकडं लाईट न्हाय व्हय?" हा माणूस चार वर्षं रोज सकाळी रंकाळ्यावर माझ्याबरोबर फिरतो. काडीचा फरक नाही.

आम्ही आठ जण, सगळी रंकाळ्याची टोळी. ह्यांचं ट्रॅव्हल कंपनीच्या सहलीनं जायचं चाललं होतं, २८ मार्च ते ५ एप्रिल. मी मोडून काढलं. कंपनीवाल्याला विचारलं, हीच तारीख कशावरून? म्हणे, "सर, दरवर्षी तीच असते." असल्यांच्या हातात लोक पासपोर्ट देतात. मी टोकियो, क्योटो, ओसाका तिन्हीचं रोजचं तापमान १ जानेवारीपासून वहीत उतरवलंय. हिवाळा उबदार गेला. आढीत ऊब जास्त असली की आंबा चार दिवस आधी पिकतो. फुलाला वेगळा कायदा असायचं कारण नाही. साकुरा, म्हणजे जपानी चेरी, फुलायची माझी तारीख: १९ ते २२.

सौ.चं ऑपरेशन २ एप्रिल, उजवा डोळा. डावा काचबिंदूनं गेल्यात जमा. उजव्यात नळीतून बघितल्यागत मधलं तेवढं दिसतं. ऑपरेशननं आहे ते टिकेल, वाढणार नाही. आणि टिकेलच, असंही डॉक्टर छातीठोक म्हणत नाहीत. "जपानला जायचं तर ८ तारीख देतो," म्हणाले होते. मी म्हटलं, गरज नाही, आम्ही आधीच जाऊन येतो.

माझ्या लाकडी साच्यांच्या वर्कशॉपवर पूर्वी जपानी मशीनचं कॅलेंडर यायचं. त्यातलं साकुराच्या बहराचं एप्रिलचं पान कापून तिनं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय, त्याला वीस वर्षं झाली. लग्नापासून तिनं मागितलेली एकच गोष्ट, ती फुलं बघणं.

१७ मार्च, रवि. टोकियो

पोचलो. ड्रॉप्स वेळेवर. इथले साडेनऊ म्हणजे आपले सहा.

रिसेप्शनवरच्या बाईशी जपानीत बोललो. चार वर्षं शिकलोय, पुस्तकं आणि फोन, क्लास नाही की मास्तर नाही. तिनं इंग्रजीत उत्तर दिलं. मी परत जपानीत. ती परत इंग्रजीत. असं पाच वेळा. किल्ली मिळाली.

संध्याकाळी तो प्रसिद्ध चौक. हजारभर माणसं एकदम रस्ता ओलांडतात, आणि निम्मी त्याचा व्हिडिओ काढायला मध्येच थांबतात. ह्यासाठी लोक विमानानं येतात. बापूसो म्हणाला, "एवढी माणसं, आन् कुणी कुणाला शिवी देत न्हाय. मजा न्हाय."

१९ मार्च, मंगळ. टोकियो

कमाल ११ अंश. वहीप्रमाणे १६ हवं होतं.

सकाळी मोठ्या बागेत. दोन्ही बाजूंनी शेकडो झाडं, गुलाबी कंदील ओळीनं टांगलेले, कचऱ्याचे डबे मांडून तयार. फुलं शून्य. मापाचा व्हर्नियर खिशात असतोच, कळी मोजली. ५ मि.मी., टोक हिरवं. दहा झाडं बघितली, सगळीकडं तेच.

"काय ओ जपानी, फुलं कुठायत?" बापूसोनं मला विचारलं.

"परवापर्यंत."

"न्हाय, काटक्या बी चांगल्या हायत की. आमच्या कोडोलीत चुलीत घालतो असल्या."

टोळी फिदीफिदी. ह्यांना कळी आणि खिळा ह्यातला फरक कळत नाही, पण हसायला सगळ्यात पुढं. त्याच काटक्यांपुढं वाकडी तोंडं करून सव्वीस फोटो काढले.

सौ. एका झाडाच्या खोडाला हात लावून उभी होती. म्हणाली, "साल गुळगुळीत हाय. आन् आडव्या रेघा हायत बगा." हे माझ्या नजरेतून सुटलं होतं.

२० मार्च, बुध. क्योटोच्या गाडीत

गाडी वेळेवर सुटली ह्याचं टोळीनं टाळ्या वाजवून कौतुक केलं. वेळेवर सुटणं हे गाडीचं काम आहे.

बाहेर गारांसारखं काहीतरी पडतंय. मार्चच्या वीस तारखेला. आकडेमोड तीनदा तपासली, चूक नाही. हवामानच चुकतंय.

सौ.नं एकदाच विचारलं, "क्योटोत असतील न्हवं?" म्हटलं, असतील.

२१ मार्च, गुरु. क्योटो

६ अंश, वारा. नदीकाठची झाडं बघितली. बंद.

देवळाकडच्या चढावर भाड्याचे किमोनो घातलेल्या बाया, गर्दीत मुंगीला वाट नाही. कुणी चीनची, कुणी कोरियाची, एक आपल्या इचलकरंजीची निघाली. "पावणं, एक फोटो काढा की." उजवी बाजू डावीवर घेऊन नेसली होती. तसं इथं मेलेल्याला नेसवतात. सांगितलं. तिचा नवरा माझ्याकडं मारक्या रेड्यागत बघत राहिला. बरोबर सांगणाऱ्याची हीच गत.

पुढं एका जुन्या देवळात आवारभर फुलं. गुलाबी, पांढरी, बहर संपत आलेला. बापूसो ओरडला, "घावलं! घावलं रं!" टोळी धावली. व्हिडिओ, आरडाओरडा, वैनींनी, म्हणजे बापूसोच्या बायकोनं, पदर फांदीखाली धरला.

तो साकुरा नाही. उमे आहे, जपानी आलुबुखार म्हणू. पाकळी गोल, टोकाला खाच नाही. फूल देठाशिवाय थेट फांदीला. शिवाय वास. साकुराला वास जवळपास नसतोच. दहा फुटांवरून कळतं.

सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात सौ. माझी बाही धरून उभी. फूल उजव्या डोळ्याजवळ नेऊन बघत होती, पाकळी पाकळी. "भावजी म्हणत्यात, हीच. पण तुम्ही सांगा. तुम्ही म्हणला तरच खरं."

मी म्हटलं, "व्हय. हीच."

तिनं हात जोडले. डोळे पुसले, रुमालानं, टिपून, डॉक्टरांनी शिकवलंय तसं. आणि कितीतरी वेळ हलली नाही.

बापूसोनं ग्रुपवर टाकलं: साकुरा बघितला, जन्माचं सार्थक. मी दुरुस्त केलं नाही.

२२ मार्च, शुक्र. क्योटो

सोनेरी मुलामा दिलेलं देऊळ. तळ्यात प्रतिबिंब. लोक प्रतिबिंबाचाही फोटो काढतात, म्हणजे एकाच भोंगळपणाच्या दोन प्रती.

सौ. खुशीत. नरसोबाच्या वाडीला बहिणीशी फोनवर अर्धा तास. "अगं वास काय सुंदर!" मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

जेवलो नाही. भात चिकट होता.

२३ मार्च, शनि. ओसाका

किल्ल्याची बाग. एक माळी शिडीवर, सत्तरीचा, वाळकी फांदी कापत होता. हात बघितला, कसबी माणूस. इथं आल्यापासून मान द्यावा असा पहिला. त्याला वही दाखवली. तो खाली उतरला, हातमोजे काढले, आणि जपानीत बोलला. सावकाश, माझ्यासाठी. इंग्रजीचा एक शब्द नाही.

सगळे आकडे बघितले. जानेवारीवर बोट ठेवून हसला. म्हणाला, तेव्हा झाड झोपलेलं असतं. झोपेतली ऊब धरायची नसते. आधी कडक थंडी लागते, त्यानं ते जागं होतं, मग ऊब. हिवाळा उबदार गेला तर उलट उशीर.

मी वही मिटली.

आंब्याला मोहोर थंडीनं येतो. गडमुडशिंगीला आमची सात झाडं आहेत. डिसेंबरात थंडी पडली नाही तर मोहोर लांबतो हे मी शेजाऱ्यांना शिकवतो. मला आढी आठवली, मोहोर आठवला नाही. आढीतला आंबा तोडलेला असतो. साधी गोष्ट. उद्यमनगरात माझ्या हाताखालच्यानं असला साचा केला असता तर लाकूड डोक्यात घातलं असतं.

विचारलं, कधी? त्यानं कळी दोन बोटांत धरली, आभाळाकडं बघितलं. "आठवडा. कदाचित दहा दिवस."

आमचं विमान सोमवारी.

कंपनीची तारीख बरोबर होती. "दरवर्षी तीच असते" म्हणणारा तो गाढव बरोबर होता.

२४ मार्च, रवि. ओसाका

सकाळी डॉक्टरांना मेसेज केला. ८ तारीख अजून मिळेल का, आणि इथं आठवडा काढला तर डोळ्याला धोका किती.

मग सौ.ला किल्ल्याच्या खंदकाकाठी बाकावर बसवून सांगितलं. आधी तारखेचं. त्यावर ती, "हं. हवापाण्याचं कुणाला कळतंय." मग उमेचं.

पहिल्यांदा तिला कळलं नाही. मग कळलं.

"म्हंजे मी हात जोडले ते..."

"व्हय."

"आन् तुम्ही शेजारी हुता."

"व्हय."

"त्या अनोळखी बाईला भर रस्त्यात साडी चुकली म्हणून सांगितलंत. बापूभावजींच्या बॅगेचं वजन केलंत. मला दिसत न्हाय म्हणून मला कायबी चालतंय, असं हाय व्हय?"

किमोनो, साडी नव्हे. पण बोललो नाही.

"दिसली न्हाय फुलं तर न्हाय दिसली. मी काय रडले असते? तुमच्यावर इस्वास टाकून मी त्या काठ्या बी बगितल्या. ताईला वास सांगितला मी."

उठली आणि एकटी चालायला लागली. पायरी होती. मी हात पुढं केला, तिनं घेतला नाही. पायानं चाचपून उतरली. दिवसभर वैनींबरोबर.

टोळीला मीच सांगितलं. आम्ही दोघं कदाचित थांबू, परत जाताना बँकॉकला विमान बदलायचं, कागद लिहून देतो. मला वाटलं घाबरतील. बापूसो म्हणाला, "जातो की. बाण दावल्यात तिकडं जायचं, त्यात काय अवघड हाय? तुम्ही वैनीसायबांचं बगा." मग म्हणाला, "भडंग ठेवून जाऊ का? आन् शेगडी?" ह्यात टोमणा होता का, अजून ठरवता आलेलं नाही.

शेगडी घेतली नाही. भडंग घेतलं.

२५ मार्च, सोम. ओसाका. सकाळी ८.१०

डॉक्टरांचं उत्तर काल संध्याकाळी आलं. ८ तारीख मिळेल. ड्रॉप्स एकही चुकवायचा नाही. धोका थोडा आहे, शून्य म्हणणार नाही, निर्णय तुम्ही दोघांनी घ्या. व्हिसा पुरतो. तिकीट बदलायचं तर अकराच्या आत फोन. टोळीची बस ११.२०.

मेसेज सौ.ला वाचून दाखवला. धोक्याची ओळ दोनदा.

कालपासून पहिल्यांदा बोलली. "थांबलो तर नक्की फुलत्यात?"

वही टेबलावर होती. उघडली नाही. "माहीत नाही," म्हटलं. हे वाक्य मी तिच्यापुढं आधी कधी उच्चारल्याचं आठवत नाही.

"माळी काय म्हणला?"

"आठवडा. कदाचित दहा दिवस."

"कदाचित," ती म्हणाली.

खाली वैनी हाका मारतायत, बॅगा लिफ्टपाशी आणा म्हणून. बापूसोची बॅग आता हलकी. त्यानं त्यात हॉटेलच्या सपाता भरल्यात, चार जोड, मी मोजल्या.

सौ. पलंगावर बसून बूट घालतेय. नाडी हातानं चाचपून बांधते. बॅग भरलेली आहे, पण चेन उघडी. विचारलं, काय करू, तिकीट बदलायला फोन करू का?

"थांबा. नाडी बांधू दे," म्हणाली.