दार लावून केलेला पश्चात्ताप

रवि., ५ मे. धुळे
चर्च सुटल्यावर दाविदनाना घरी आले. मंडळीचे सेक्रेटरी, आता काठी टेकत चालतात. नऊ वर्षांपूर्वी याच माणसाने प्रभुभोजनाआधी आईने केलेल्या द्राक्षरसाची बाटली माईकसमोर उंच धरली होती. "हा रस नाही, दारू आहे!" आज आईला म्हणतात, "मार्थाबाई, बाटली दोन दिवस आधी मीच नेली, कपाटात ठेवून विसरलो. उकाड्याने आंबली. तेव्हाच कळलं होतं मला. देवाजवळ कबूल केलंय. पश्चात्ताप झाला."
चहा प्यायले, गेले.
झाला म्हणे! सर्दी झाल्यासारखा.

मंगळ., ७
शाळेला सुट्टी, त्यामुळे डोकं दिवसभर त्यातच. पाळकसाहेबांना फोन केला. "ताई, ते रडले माझ्यासमोर. क्षमा करायला शिका."
मीच शिकायचं! पश्चात्ताप म्हणजे मागे फिरणं, हे मी संडेस्कूलच्या पोरांकडून दरवर्षी पाठ करून घेते. मग फिरा की मागे! बदनामी माईकवर आणि पश्चात्ताप दार लावून? तेव्हापासून आई शेवटच्या बाकावर. प्रभुभोजनाचा प्याला आला की मान खाली. आणि रस कुठला, तर दुकानातला.

शुक्र., १०
आईने काळे मनुके भिजत घालायला काढले. या रविवारी रस तुम्हीच करा, असा नानांचा निरोप. आणि ही लगेच तयार! पातेलं आपटलं मी. आधी त्यांना सगळ्यांसमोर बोलू दे, म्हटलं.
"देवनी ऐकी लिधं ना. आते बस."
"मंडळीने कुठे ऐकलंय?"
ती मनुके निवडत राहिली. मग अगदी साध्या आवाजात, "तवय तू का नही उठनी व माय?"
जेवले नाही.

शनि., ११
त्या दिवशी तिसऱ्या बाकावर होते मी. ती बाटली नानांच्या हातात मीच दिली होती, रस ताजा होता, चव घेतलेली. सगळं माहीत होतं. पण चर्चच्या शाळेतली नोकरी नवी, नाना शाळेच्या कमिटीवर... उठले नाही. इतकी वर्षं त्यांच्यावर दात खाल्ले ते बरंच पडलं, माझं कुणी विचारलंच नाही.
रस उकळून, गाळून फ्रीजमध्ये. नानांना फोन केला, उद्या उभे राहणार का? "बघू," म्हणाले. बघू! राग तसूभर कमी नाही.
ते नाही उठले तर मी उठेन. उठले तरी उठायला हवंच. काय बोलायचं ते लिहायला बसले. चारदा लिहिलं, चारदा खोडलं. दरवेळी पहिला शब्द "नानांनी" असाच येतोय.