एकोणसत्तर की एकोणऐंशी

१२ जानेवारी, सोमवार
इंटर्नशिपचा एक आठवडा संपला. कोडची एक ओळ बघितलेली नाही. आतापर्यंतची कामगिरी: राउटर बंद-चालू करणे, मालकांच्या गाडीत हवा भरून आणणे, आणि खालच्या दवाखान्याचे चुकून वर आलेले पेशंट परत खाली पाठवणे. आज एका आजीनं सरळ जीभ काढून दाखवली. म्हटलं, आजी, हितं सॉफ्टवेअर बनतंय. तर म्हणाली, "मग त्येचं औषध न्हाय व्हय?"
अख्ख्या राजारामपुरीत मलाच हे ऑफिस सापडलं.

१४ जाने., बुध.
कॉलेजच्या गाईडचा फोन. "व्हायवाला स्वतः लिहिलेला कोड दाखवायचा. नसेल तर पुढच्या वर्षी परत इंटर्नशिप." आधीच एक वर्ष मागं आहे मी. चंदगडला घरी हे कळलं तर बाबा म्हणतील, बास झालं, काजू वेचायला ये. काजूचं काही नाही, पण वर्षभर ऐकून कोण घेणार.
उद्या अमोलदादांशी बोलायचंच. (अमोलदादा म्हणजे मालक. 'सर' म्हटलेलं आवडत नाही, 'दादा' म्हटलं तरी कामं सरांसारखीच सांगतात.)

१६ जाने., शुक्र.
बोललो. "दादा, मला कोड पायजे."
"कोड स्नेहल लिहिती. तुझा आवाज खणखणीत हाय. तू आकडे म्हण."
झालंय असं की दूध संस्थांसाठी यांचं मशीन आहे. सभासदानं दूध घातलं की मशीन त्याचा नंबर आणि फॅट मोठ्यानं बोलून सांगतं. जुना आवाज बाईचा, हिंदी वळणाचा, लोकांना कळत नाही. म्हणून एक ते शंभर मी म्हणायचं, माईकसमोर.
तीन वर्षं डिप्लोमा कशाला केला? उजळणी म्हणायला.

१९ जाने., सोम.
रेकॉर्डिंग ऑफिसच्या अडगळीच्या खोलीत. दाराला गादी लावली तरी रिक्षा ऐकू येतातच. राहतो तिथं तर प्रश्नच नाही. कबनूरला आत्तीच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमागांचा खडखडाट, तिथं ओरडल्याशिवाय दुसरी भाकरी मिळत नाही.
स्नेहलताई हेडफोन काढून: "रोहन, तू आकडे म्हणतोस का भांडतोस?"
सत्तरपर्यंत झालं. चहाला म्हणून खाली उतरलो आणि रंकाळा तळ्यावर जाऊन बसलो. का, ते मलाही माहीत नाही. परत आलो तर ऑफिसला कुलूप.

२१ जाने., बुध.
उरलेले तीस उरकले. काल गेलोच नव्हतो. सेव्हंटी नाईन म्हणायला कसं सरळ, मराठीत सगळं उलटं. घशाला कोरड. ताईंना विचारलं, आता कोड? "दादांना विचार." दादांना विचारलं. "स्नेहलला विचार."

२९ जाने., गुरु.
आज भलतंच झालं.
बस उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली म्हणून उतरलो. गुऱ्हाळाचा वास आला, तिकडं वळलो. गरम काकवी खाल्ली, चुलवाणाच्या जाळापाशी गप्पा मारत बसलो, दिवस गेला. संध्याकाळी गावातनं बसला निघालो तर दूध संस्थेपुढं रांग, आणि आतून माझाच आवाज! अंगावर काटा आला. खोटं कशाला, छाती पण फुगली.
तेवढ्यात आवाज म्हणाला, "सभासद एकोणसत्तर. फॅट तीन पूर्णांक आठ."
मागं एक उंच म्हातारे उभे होते, दत्तूआण्णा. ते उसळले. "आरं, एकोणसत्तर मी! माझं दूध अजून किटलीत हाय! आन म्हशीला तीन फॅट?"
पुढं दूध घातलेल्या शालनमावशी. त्या गाईवाल्या, नंबर ७९. त्या आणखी वर. "माझं दूध ह्येच्या नावावर लिवलं की! डोळ्यादेखत!"
सेक्रेटरी स्क्रीन दाखवतोय, ७९ म्हणून लिहिलंय, बरोबर आहे. पण स्क्रीनकडं बघतंय कोण. मशीन बोललं म्हणजे बोललं. दोघांची भांडणं पार बांधापर्यंत गेली. एकानं मला विचारलं, "पावणं, तुमी कोन?" म्हटलं, बसची वाट बघतोय.

३० जाने., शुक्र.
सेक्रेटरीनं फोन केलाच. दादा ताईंवर चिडले, कोडमध्ये घोळ आहे म्हणून. काल मी तिथंच होतो, हे माझ्या तोंडातनं निघून गेलं. ताई म्हणाल्या, "रोहन, तूच बघितलंस ना? मग तूच शोध." आणि सगळा कोड उघडून दिला!
जेवायला गेलो नाही. खिडकीबाहेर बघितलं नाही. नंबर कुठनं येतो, कुठली फाईल लागते, सगळं हळूहळू कळायला लागलं. निम्मं कळलं. पण कळलं.

२ फेब्रु., सोम.
सापडलं.
कोड चोख आहे. ७९ आला की ७९ चीच फाईल वाजते. शेवटी ती फाईल ऐकली. मी म्हणतोय, "एकोणसत्तर." ६९ ची ऐकली. "एकोणसत्तर." सेव्हंटी नाईनमधला सत्तर डोक्यात. एकोणऐंशी तोंडातनं आलंच नाही.
पहिल्यांदा कोड हातात आला आणि त्यातली चूक म्हणजे मी.

३ फेब्रु., मंगळ.
सांगितलं. दादा ओरडले असते तर बरं. हसले. "पोराला दोन भाषा येत्यात, दोन्हीत नापास." आता ऑफिसात माझं नाव एकोणसत्तर. शंभर आकडे परत म्हणायचे, झाल्याशिवाय सर्टिफिकेटवर सही नाही.
मी म्हटलं, भांडण पेटलं कारण मशीन एकदाच बोलून गप्प बसलं. 'परत ऐका' असं बटण ठेवू. मी लिहितो.
"सकाळची रांग बघितलीयस? एकेक जण ऐकत बसला तर टँकर निघून जाईल. आदी आकडे म्हण."
व्हायवाला काय दाखवू? घसा?

६ फेब्रु., शुक्र.
सकाळी आकडे, दुपारी चोरून बटण. ताई बघतात, बोलत नाहीत. आज फक्त म्हणाल्या, "हितं अर्धविराम राहिलाय." दोन तास त्याच्यासाठी केस उपटत होतो. बटण दाबलं की मशीन आठ वेळा बोलतंय, थांबतच नाही. दत्तूआण्णांच्या हातात हे गेलं तर संपलंच.

११ फेब्रु., बुध.
एकदाच बोलतंय! मी लिहिलं. मीच.
आकडे पण पूर्ण. ताईंनी त्या एका संस्थेच्या अपडेटमध्ये नवा आवाज घातला, आणि बटण पण. "दादांना सांगितलंत?" "सांगते." बटण राहिलं तर व्हायवाला दाखवायला माझं काहीतरी आहे. नाही राहिलं तर पुढचं वर्ष गेलं.

१४ फेब्रु., शनि.
शेवटचा दिवस. सकाळी दादा आम्हा दोघांना गाडीतनं संस्थेत घेऊन गेले, नवा आवाज तपासायला. ताईंनी दादांना बटणाचं सांगितलेलं नाही, हे रांगेत उभं राहिल्यावर कळलं.
शालनमावशींचं दूध. "सभासद एकोणऐंशी." मावशींनी बटण बघितलं, दाबलं, परत ऐकलं. "हां," म्हणाल्या आणि किटली उचलून चालायला लागल्या.
मग दत्तूआण्णा. एकदा दाबलं. दोनदा. तिसऱ्यांदा मागच्याला म्हणतात, "ऐक की, फॅट सात पूर्णांक दोन!" रांग थांबली. बाहेर टँकरवाला हॉर्नवर हॉर्न.
दादा: "बटण कुणी घातलं?"
ताई खाली बघत होत्या. म्हटलं, "मी लिहिलं."
"कुणाला इचारून?"
आण्णा मधेच, "असू दे की वं, चांगलं हाय." आणि चौथ्यांदा दाबलं.
दादांनी गाडी थेट राजारामपुरीत आणली. गाडी लावली. सर्टिफिकेटचं विचारणार तेवढ्यात म्हणाले, "सोमवारी ये."
"दादा, इंटर्नशिप तर आज संपली."
"म्हाईत हाय मला."
आणि जिना चढून गेले. ताईंना विचारलं, त्यांनाही काही सांगितलेलं नाही.
सोमवारी जायचं तर आहेच. पण बटण काढायला बोलावलंय का बाकीच्या संस्थांत घालायला, ते सोमवारीच कळणार.