सार्जंट क्रिम्पचं नाव छापून येणार

४ मार्च १८८९, सोमवार
मासिकात पुन्हा त्या खासगी गुप्तहेर थॅकस्टनसाहेबाने स्वतः लिहिलेली शोधकथा. चोर मी पकडला, गुडघा माझा फुटला. आणि छापलंय काय, तर ‘दाराशी एक पोलीस उभा होता.’ एक पोलीस! मी काय टोपी अडकवायची खुंटी आहे? बस्स झालं. पुढची केस एकट्याने सोडवणार आणि नाव छापून आणणार. ओबडाया क्रिम्प. पूर्ण.

६ मार्च
देव पावला. इथे लंडनच्या कॅम्बरवेल भागात म्हाताऱ्या मिसेस लॉफ्टहाउसचा खून झाला. मोलकरणीला दुपारी बाराला प्रेत दिसलं. घरात पुतण्या एडगर, बागेत माळी टफनेल. पुतण्या फार सभ्य, मला स्वतः खुर्ची दिली. माळ्याचे हात मातीने बरबटलेले. माळ्याला अटक.

समोरच्या मिस पिनॉक सांगत होत्या की सकाळी दहालाच सगळ्या खिडक्यांचे पडदे खाली होते. लिहून घेतलं नाही. उन्हाने गालिचा विटू नये म्हणून लोक ओढतात पडदे. त्यात काय एवढं.

७ मार्च, सकाळ
नाश्त्याला हेस्टरला सगळं सांगितलं. बायको आहे, कौतुक करेल म्हणून. तर म्हणते, "अहो, मार्चात कुठलं आलंय ऊन? घरात मयत असल्याशिवाय भरदिवसा सगळे पडदे कोण ओढतं? प्रेत बाराला सापडलं, मग दहाला कोणाला ठाऊक होतं?"

डोकंच फिरलं. चौदा वर्षं पोलिसात मी आहे की ती? अंडं तसंच टाकून उठलो. अकराला भूक लागली. तोही तिचाच दोष.

संध्याकाळ
थॅकस्टन ठाण्यात चौकशी करून गेला म्हणे. कडक चिठ्ठी लिहिली: केस सुटली आहे, तसदी घेऊ नये. टपालावर माझा भरवसा नाही. हेस्टरच्या हाती पाठवली.

८ मार्च
चिठ्ठी द्यायला गेलेली बाई तिथे दोन तास चहा-केक खात बसली. काय बोललीस एवढं, विचारलं, तर म्हणे त्यांनी विचारलं ते सांगितलं. बायकांच्या गप्पा, दुसरं काय.

माळी गुन्हा कबूल करत नाही. घसा बसेपर्यंत ओरडलो. उलट मलाच म्हणतो, "साहेब, माळ्याच्या हाताला माती नाही तर काय जॅम असणार?" उर्मट लेकाचा. फासावर चढला की बंद होईल तोंड.

९ मार्च
थॅकस्टनने पुतण्याला एकच प्रश्न विचारला. पडद्यांचा. पुतण्या पांढराफटक. काकूचा गळा दाबला आणि मग सवयीने पडदे ओढले म्हणे, घरात मयत असताना उघडे ठेवणं शोभत नाही म्हणून. एवढे चांगले संस्कार असलेल्या माणसावर कोण संशय घेईल?

इन्स्पेक्टरने मला माळ्याची माफी मागायला लावली. त्याने दिली नाही. मी अगदी शांत राहिलो. फक्त दौत फेकली, तीसुद्धा भिंतीवर.

तरी यंदा नाव टाळता येणार नाही. केस माझी, पहिली अटक माझी. मासिकाच्या दोन प्रती सांगून ठेवल्या.

२ एप्रिल
मासिक आलं. नाव छापून आलंय, ठळक अक्षरांत. ‘ह्या रहस्याच्या उकलीचं सारं श्रेय चतुर मिसेस हेस्टर क्रिम्प यांना. त्यांचे यजमान, मला वाटतं, पोलिसात कुठेतरी आहेत.’