आजीसारखी बाहुली

भवानी पेठ, सोलापूर
ता. ९ फेब्रुवारी १९७६

तीर्थस्वरूप जोतीरामदादांच्या पायांशी धाकटा साडू धोंडीराम याचा नमस्कार पोचावा. मथुराक्कांचा गुडघा आता कसा आहे? ऊन वाढायला लागलं की तो दुखायचा थांबतो असं त्या म्हणायच्या, तेव्हा थांबला असेल अशी आशा करतो. वैरागला शाळूची काढणी सुरू झाली असेल. तुमचा खोकला, म्हशीचं दूध आणि धाकट्याची परीक्षा, या तिन्हींची खुशाली कळवावी. माझी तब्येत बरी आहे.

तुमचं कार्ड परवा मिळालं. त्यात ना नमस्कार ना खुशाली, एकच वाक्य होतं, 'तुम्ही गोजाबाईवर करणी करताय असं हितं कळलंय, ताबडतोब खुलासा करा.' कार्ड उघडं असल्यामुळं ते आधी पोस्टमननं वाचलं, मग शेजारच्या बसव्वाच्या नवऱ्यानं वाचलं, आणि सगळ्यात शेवटी मी. (असलं काही पुन्हा विचारायची वेळ आली तर कृपा करून पाकिटातून विचारा.) खुलासा एका ओळीत होण्यासारखा नाही. सवडीनं वाचा, आणि मथुराक्कांना मोठ्यानं वाचून दाखवा, म्हणजे त्यांचीही काळजी मिटेल.

तुमची मेहुणी, म्हणजे आमची गोजाबाई, गणपतीच्या सुमाराला राउरकेल्याला गेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुलीचं, विजयमालाचं, दुसरं बाळंतपण, जावईबापू दिवसरात्र पोलादाच्या कारखान्यात, तेव्हा आईनं जायला पाहिजेच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. दिवाळीला येते म्हणाली होती. दिवाळीला बाळाचं पोट दुखत होतं. दिवाळीनंतर तिकडं थंडी पडली. त्यानंतर कारण येईना, नुसती खुशाली यायला लागली. इकडं मी त्याच वर्षी गिरणीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेला. भोंगा अजून ऐकू येतो, पण तो मला बोलवत नाही. भाकरी थापायला शिकलो (कडा अजून जाड राहतात). घरात बोलायला कुणी नाही. तसं मी पूर्वीही फारसं बोलत होतो असं नाही, पण न बोलायलासुद्धा समोर माणूस लागतं, हे मला या वर्षी कळलं.

अशात राउरकेल्याहून एक पार्सल आलं. आत लाकडाच्या भुशात एक हातभर लांबीची बाहुली. तिकडं कारखान्यात जर्मन साहेब असतात. त्यातल्या एकाची बाई मायदेशी परत जाताना आपल्या कपाटातली शोभेची बाहुली आमच्या नातीला, चिमीला, देऊन गेली. पिवळे केस, निळे डोळे, आडवी केली की डोळे मिटणार आणि पोटातून 'ममा' असा आवाज येणार. चिमी तिला बघून पलंगाखाली जाऊन बसली. सोबत तुमच्या मेहुणीची चिठ्ठी होती. तिला लिहायचा कंटाळा, पण ही चिठ्ठी चांगली पानभर होती. मजकूर असा की, चिमी आजीला सोडायला तयार नाही, पदर धरून झोपते. पण तिनं एक अट घातली आहे. या बाहुलीची आजीसारखी बाहुली करून आणा, मग ती माझ्याजवळ राहील आणि आजीनं सोलापूरला जावं. खाली तुमच्या मेहुणीनं लिहिलं होतं, 'तुमाला आता काम नाही, तर एवढं करा की.'

दादा, मी आयुष्यात कधी बटणसुद्धा लावलेलं नाही. पण ते शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. एवढं केलं की ती येणार होती.

पहिलं काम पिवळे केस काढायचं. ते डोक्याच्या रबरात आतून ओवलेले असतात. डोकं गरम पाण्यात धरलं तर रबर मऊ पडेल, असा विचार करून मी डोकं पिळून धडापासून वेगळं केलं आणि भाताच्या पातेल्यात उकळत ठेवलं. त्याच वेळी बसव्वा ताकाची वाटी परत द्यायला आली. मी म्हटलं, ठेवा तिथं स्टोव्हजवळ. तिनं पातेल्यात बघितलं. आतून एक बाई डोळे उघडे ठेवून तिच्याकडं बघत होती. वाटी तिथंच फुटली. (तुमच्या मेहुणीच्या काचेच्या वाट्यांपैकी होती. तिला कळवू नये.)

सुया टोचून टोचून केस निघाले. मग रंग. आपल्या घरात इतकी गोरी बाई कधी झाली नाही. गिरणीच्या रंगखात्यातल्या एका ओळखीच्या माणसानं मोठ्या मनानं थोडी पूड दिली, आणि ही चादरीत चालते म्हणजे बाहुलीत चालेलच असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाहुली आपल्या सोलापुरी चादरीसारखी गडद लाल झाली, आणि माझे दोन्ही हात कोपरापर्यंत. मी महादेवाच्या देवळात गेलो तर पुजाऱ्यानं मला प्रसाद वरून टाकला. शेवटी काताचं पाणी आणि चहा यांच्या मिश्रणात तिला रोज थोडा वेळ बुडवत गेलो, तेव्हा तो लाल रंग मुरून तुमच्या मेहुणीच्या बराच जवळ आला. कोपराजवळ अजून थोडा लाल आहे, तिथं बांगड्या घातल्या.

आता करणीकडं येतो. नवे केस खऱ्या माणसाचे पाहिजेत, आणि तेही मधूनमधून पांढरे, हे माझं मत. बसव्वा केस विंचरून झाले की गुंतवळ एका पिशवीत साठवते, भांडीवालीला द्यायला. मी सकाळी तिच्या दारात जाऊन सरळ विचारलं, तुमचे थोडे केस मिळतील का. आता मागं वळून बघतो तेव्हा माझ्या लक्षात येतं की हे मी आधी कशासाठी पाहिजेत ते सांगून मग विचारायला हवं होतं. तिनं दार लावून घेतलं. तिला इतकंच दिसलेलं होतं की या माणसाची बायको परमुलुखात आहे, त्यानं एका बाईचं मुंडकं उकळलं, त्याचे हात लाल आहेत, घरात सुया टोचलेली एक टकली बाहुली आहे आणि आता तो केस मागतोय. संध्याकाळी तिच्या चौकटीला लिंबू-मिरची. दूधवाली माझं दूध पायरीवर ठेवून लांबूनच हाक मारायला लागली. गल्लीतली माणसं मला बघून पलीकडच्या बाजूनं चालायला लागली. तुमच्याकडं ही बातमी एस.टी.नं आली असणार, म्हणूनच इतक्या उशिरा पोचली.

मी बसव्वाच्या नवऱ्याला घरी बोलावलं, बाहुली दाखवली, तुमच्या मेहुणीची चिठ्ठी वाचून दाखवली. तो हसून हसून खाली बसला. पण बसव्वा हसली नाही. ती दारातून म्हणाली, "काकू येणार असतील तर आदी सांगायचं की हो काका," आणि आत जाऊन पिशवी घेऊन आली. पिशवी अख्खी दिली. मग मी एकेक केस सुईनं ओवत बसलो. चष्मा लावूनसुद्धा सुईचं भोक दिसायचं नाही. दिवसाकाठी कपाळावरचा दोन बोटं भाग व्हायचा. पण दादा, खरं सांगतो, गिरणी सुटल्यापासून इतका वेळ मी घड्याळ न बघता पहिल्यांदा बसलो.

तोंड रंगवायला मल्लप्पाला बोलावलं. मल्लप्पा सिनेमाच्या थिएटरांवरची मोठी चित्रं रंगवतो आणि माझ्याबरोबर शाळेत होता. त्यानं तुमच्या मेहुणीला कोरलेल्या भुवया, गुलाबी गाल आणि तिरपा कटाक्ष दिला. म्हटलं, बाबा, ही माझी बायको आहे. तो म्हणाला, "मग सांग की कशी दिसती." मी सांगायला लागलो. नाक कसं? नाकासारखं. फोटो म्हणाल तर लग्नातला एकच, त्यात तिची मान खाली आणि पदर हनुवटीपर्यंत. शेवटी टर्पेंटाइननं त्याचं सगळं काम पुसलं आणि मीच ब्रश हातात घेतला. हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपका आठवला. कपाळावरचं कुंकू जरा डावीकडं जातं ते आठवलं. ओठ आठवले, घट्ट मिटलेले. तसेच काढले.

लुगड्यासाठी तिची ट्रंक उघडली. तिचं जुनं इरकली लुगडं, विरलेलं, त्याचा काठाकडचा तुकडा कापायचा होता. (विरलेलंच होतं, मथुराक्का साक्षीला आहेत.) झाकण उघडल्यावर डांबराच्या गोळ्यांच्या वासाखालून तिचा वास आला, आणि मी कात्री खाली ठेवली. कापायला आलोय की दुसऱ्या कशाला, हेच सुचेना. मग कापलं. नेसवायचं कसं ते बसव्वानं उंबऱ्यावर बसून शिकवलं. जवळ यायला ती अजून तयार नव्हती. निऱ्या मोडायच्या, कासोटा सुटायचा, बाहुली आडवी होऊन 'ममा' म्हणायची आणि बसव्वा दचकायची.

बाहुली पुरी झाल्यावर ती लगेच पाठवायला पाहिजे होती. पाठवली नाही. काही दिवस तिला स्वयंपाकघरातल्या फळीवर बसवली. रंग वाळायला पाहिजे, असं मी बसव्वाला सांगायचो. रंग केव्हाच वाळला होता. जेवताना मी तिला सांगायचो, आज आमटीत मीठ जास्त पडलं. तीही तुमच्या मेहुणीसारखीच काही बोलायची नाही. मी दोन वेळचं नीट जेवायला लागलो. शेवटी एक दिवस वाटलं, ही इथं बसली तर ती तिथंच राहणार. लगोलग पोस्टात जाऊन पार्सल केलं.

ती गेल्यावर हात रिकामे झाले, आणि खरं व्यसन तिथून लागलं. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत गेलो. लोक पाळण्यात बसत होते, मी बाहुल्यांच्या दुकानांत. एकसारख्या गालांच्या प्लास्टिकच्या बाहुल्या पिशवी भरून आणल्या. आज फळीवर एक विड्या वळणारी बाई आहे, एक मेंढ्यांमागं जाणारी धनगरीण आहे (घोंगडीसाठी खरी लोकर टेंभुर्णीहून मागवली), आणि एक नऊवारीतली म्हातारी आहे, जी होणार होती शाळामास्तर, पण केस लांब झाले. गल्ली आता परत बोलते. परवा बसव्वानं स्वतःच्या मुलीची टकली झालेली बाहुली माझ्याकडं आणून दिली, केस लावायला. दूधवाली आत येऊन फळीपुढं उभी राहते. म्हणजे करणीचा विषय इथं संपला आहे, वैरागलाही संपवावा.

आणि गेल्या आठवड्यात राउरकेल्याहून पार्सल परत आलं. आत तीच बाहुली. विजयमालानं सगळं लिहून पाठवलंय. चिमीनं बाहुली हातात घेतली, लुगडं बघितलं, बांगड्या बघितल्या, ठिपक्यावर बोट ठेवलं, आणि म्हणाली, "ही आजी नाय. आजी हसती." आणि परत आजीच्या पदराला येऊन चिकटली. खाली तुमच्या मेहुणीच्या अक्षरात एक ओळ होती, 'लुगडं झ्याक जमलंय, पण तोंड कुणाचं काढलंय?'

दादा, मी टर्पेंटाइन घेऊन ते ओठ पुसले आणि नवे काढायला बसलो. तिचं हसणं आठवायला लागलो. ऐकलेलं आठवतं. मी कामावरून घरी यायचो तेव्हा बाहेरूनच ऐकू यायचं, आत बायका बसलेल्या असायच्या आणि त्यांत तिचं सगळ्यांत वर. मग मी पायरीवर खाकरायचो, चपला काढायचो, आणि आत शिरेपर्यंत बायका उठलेल्या, ती चहाला लागलेली. इतक्या वर्षांत ऐकलं पुष्कळ, पण बघितलं नाही. चार दिवस झाले, बाहुली माझ्यासमोर बसली आहे, बाकी सगळी हुबेहूब, आणि तोंडाच्या जागी काही नाही.

असो. पत्र लांबलं. खुलासा समाधानकारक वाटला तर तसं लिहावं. मुलांना आशीर्वाद, मथुराक्कांना नमस्कार.

तुमचा,
धोंडीराम

ता. क. मथुराक्कांना सहज, माझं नाव न घेता, विचारावं की गोजाबाई हसते तेव्हा दात दिसतात का, गालाला खळी पडते का, डोळे बारीक होतात का. धाकट्या बहिणीला त्यांनी लहानपणापासून बघितलंय. विचारण्याचं कारण रंगकामाचं आहे, दुसरं काही नाही.

ता. क. वरचं मथुराक्कांना विचारू नये. त्यांनी सांगितलं तरी ते मला काढता येणार नाही, हे आत्ता पाकीट चिकटवताना लक्षात आलं. तुम्ही मागं एकदा नागपूरकडं गेला होता, तेव्हा दौंडला उतरून मनमाडला गाडी बदलायची ना, तेवढं बरोबर आहे का ते उलट टपाली कळवावं. नाही कळवलंत तरी चालेल, कारण मी उद्याच्या गाडीनं निघालो आहे आणि तुमचं उत्तर येईल तेव्हा घरी नसेन. घराची किल्ली बसव्वाकडं आहे. बाहुली आणि ब्रश बरोबर घेतले आहेत.

ता. क. मी येतोय हे राउरकेल्याला कळवलेलं नाही, तुम्हीही कळवू नये. तिथं गेल्यावर पायरीवर खाकरणार नाही, चपला हातात घेऊन आत जाईन. मला बघून ती हसली, तर तेवढ्यात बघून घेईन आणि तोंड रंगवून तिला घेऊन परत येईन. नाहीच हसली, तर तिथंच राहीन म्हणतो, ती हसेपर्यंत.